मे महिन्याची अस्थिर हवा आणि जुलैचा स्थिर पाऊस

खानापूरहून एम.एस्सी. गणिताच्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न पाठवले आहेत. पहिला असा: मे महिन्यात हवामानाचं अ‍ॅप ‘वातावरण अत्यंत अस्थिर’ म्हणतं, पण वळीव कधी होतो, कधी नुसतं आभाळ भरून येतं आणि विरतं. जुलैत अस्थिरतेचे आकडे मे महिन्याच्या मानाने कितीतरी खाली असतात, तरी घाटमाथ्यावर जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस आठ-आठ दिवस उसंत देत नाही. मग अस्थिरता नेमकी कशाला म्हणायची? दुसरा प्रश्न: रिचर्डसन अंक पावच्या खाली गेला की प्रवाह अस्थिर, हे विधान बरोबर आहे का? तिसरा: चार्नी आणि ईडी यांचा वादळं का उठतात याचा सिद्धांत आपल्या अक्षांशाला लागू पडतो का, आणि प्रोजेक्टसाठी यातलं काय घ्यावं?

आधी हवामानाचा अंदाज देण्याचं काम आणि मग मुलांना द्रवगतिकी शिकवण्याचं काम, यात माझी बरीच वर्षं गेली. पहिला प्रश्न पुस्तकात सहसा कुणी विचारत नाही, आणि खरं तर तोच सगळ्यात मोलाचा आहे. म्हणून त्याच्यावर जास्त वेळ घालवतो.

‘स्थिर’ हे विशेषण नुसत्या हवेला लावता येत नाही. मूळ प्रवाह कोणता, त्यावर घातलेला विक्षोभ, म्हणजे धक्का, कोणता आणि केवढा, आणि त्या विक्षोभाला वाढायला ऊर्जा कुठून मिळणार, हे सांगितल्याशिवाय ‘स्थिर की अस्थिर’ या प्रश्नाला अर्थच येत नाही. पुस्तकात सुरुवातीला वाटीतली गोटी आणि उपड्या वाटीवरची गोटी असं चित्र असतं. व्याख्या समजण्यापुरतं ते ठीक आहे. पण गोटीला फक्त तिच्या स्वतःच्या उंचीची ऊर्जा मिळते. प्रवाहातला विक्षोभ मात्र आजूबाजूच्या वाहत्या हवेची, थरांमधल्या तापमानाच्या फरकाची, बाष्पात दडलेल्या उष्णतेची ऊर्जा काढून घेतो, आणि घेता घेता त्या मूळ प्रवाहालाच बदलून टाकतो. वातावरणातल्या प्रत्येक अस्थिरतेला वेगळं नाव पडलं आहे ते ही ऊर्जा कुठून येते त्यावरूनच.

आता मे महिना घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. दुपारी तीनला तापमान ३६ अंश आणि दवबिंदू १९ अंश असेल, तर दोन्हींतला फरक १७. दर अंशाला सुमारे १२५ मीटर, या जुन्या हिशेबाने जमिनीलगतची हवा सुमारे २१०० मीटर वर गेल्यावर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होऊन ढगाचा तळ तयार होतो. तिथपर्यंत चढणारी हवा किलोमीटरला ९.८ अंश या दराने थंड होते. एकदा ढग धरला की बाष्पातून सुटलेली उष्णता तिला मिळू लागते आणि हाच दर किलोमीटरला साधारण ४ ते ६ अंशांवर येतो. भोवतालच्या हवेचं तापमान मात्र उंचीबरोबर किलोमीटरला ७-८ अंशांनी उतरत असतं. म्हणजे ढगाच्या तळाखाली चढणारी हवा भोवतालपेक्षा लवकर थंड होते, आणि ढगात शिरून आणखी थोडी वर गेली की भोवतालपेक्षा गरम राहते.

यातून काय निघतं ते नीट पाहा. याच हवेला थोडासा धक्का दिला, शंभर-दोनशे मीटर वर ढकलली, तर ती परत खाली येते. तीच अडीच-तीन किलोमीटर वर उचलली, तर ती आपल्या बळावर १२-१३ किलोमीटरपर्यंत जाते आणि गडगडाटी ढग उभा राहतो. लहान विक्षोभासाठी हवा स्थिर, मोठ्या विक्षोभासाठी अस्थिर. याला सशर्त अस्थिरता म्हणतात. तुम्ही गणिताच्या आहात, म्हणून मुद्दाम सांगतो: समीकरणं रेषीय करून आयगेनव्हॅल्यू, म्हणजे विक्षोभांच्या वाढीचे दर, काढल्या तर ही अस्थिरता दिसणारच नाही, कारण रेषीय सिद्धांत अतिसूक्ष्म विक्षोभांपुरताच बोलतो.

अ‍ॅपवर जो ‘अस्थिरता’ म्हणून आकडा येतो तो बहुधा केप असतो: ढगात चढणाऱ्या हवेला उत्प्लावनातून एकूण किती ऊर्जा मिळू शकेल, याचा हिशेब. केप दर किलोला २००० ज्यूल असेल तर दुप्पट करून वर्गमूळ घ्या, सेकंदाला ६३ मीटर हा चढत्या हवेचा वरचा वेग येतो. प्रत्यक्षात तो याच्या निम्माही क्वचित असतो. आजूबाजूची कोरडी हवा ढगात मिसळते, पावसाच्या थेंबांचं वजन चढत्या हवेवर येतं, दाबाचा फरक उलटा लागतो. पण खरी अडचण वेगाची नाही. केप ही शिल्लक आहे, आणि ती शिल्लक उघडायला खालचा अडथळा ओलांडावा लागतो. मे महिन्यात पठारावरची तापलेली कोरडी हवा दोन-तीन किलोमीटरवर पसरलेली असते आणि खालची हवा तिला भेदून जाऊ शकत नाही. त्यामुळे केप भरपूर आणि आभाळ मोकळं, अशा दुपारी मे महिन्यात कितीतरी येतात.

अडथळा फुटतो कुठे? आपल्याकडे याचं उत्तर बहुतेक वेळा सह्याद्रीच्या कड्याशी सापडतं. गोवा-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून दुपारी निघालेली ओली खारी हवा चोर्ला, आंबोली, तिलारीच्या अंगाने वर चढते आणि पठारावरच्या कोरड्या वाऱ्याला भिडते. ही भेटरेषा ज्या पट्ट्यात पडते तिथे हवेला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि अडीच किलोमीटरचा तो मोठा धक्का तिथे मिळतो. रेषा खानापूरवर पडली की खानापूरला गारांसकट वळीव, आणि त्याच दिवशी केपचा आकडा तोच असूनही उचगाव कोरडं. खानापूर-बेळगावचा शेतकरी वळवावर नांगरट-कुळवणी उरकून भाताची धूळवाफ पेरणी करतो. त्याला ‘वातावरण अस्थिर’ या वाक्याचा काही उपयोग नाही. रेषा कुठे पडणार आणि अडथळा किती जाड आहे, हे त्याला हवं असतं. अंदाज देणाऱ्या माणसाने केपच्या आकड्याआधी हे दोन पाहावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता जुलै. दुपारचं तापमान २४, दवबिंदू २२. फरक २, म्हणजे ढगाचा तळ अडीचशे मीटरवर. येळ्ळूरचा राजहंसगड ढगात दिसेनासा होतो तो यामुळेच. खालपासून वरपर्यंत हवा जवळपास संपृक्त, आणि तापमानाचा उतार ढगातल्या थंड होण्याच्या दराच्या इतका जवळ की चढणाऱ्या हवेला ना फारसा अडथळा ना फारसा जोर. याला बाष्पयुक्त उदासीन स्थिती म्हणतात. अशा हवेत उत्प्लावनाने उंच ढग उभे राहत नाहीत, वीज फारशी कडाडत नाही, ढगांचे माथे पुष्कळदा शून्य अंशाच्या पातळीखालीच राहतात. तरीही तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्याचे दिवस, घाटमाथ्यावर धुऊन काढतात. ऊर्जा कुठली? वाऱ्याची. हवेला डोंगर चढवणारा वारा स्वतःच उचलण्याचं काम करतो, त्यासाठी हवेने अस्थिर असण्याची गरज नाही.

हिशेब करून पाहा, फार सोपा आहे. पश्चिमेचा वारा सेकंदाला १५ मीटर, घाटाचा चढ २५ किलोमीटरात ८०० मीटर. २५ अंशांची संपृक्त हवा तेवढी वर गेली की दर किलो हवेमागे साधारण २ ग्रॅम बाष्पाचं पाणी होतं. एक किलोमीटर जाडीचा थर धरा. या थरातून एक मीटर रुंदीच्या पट्टीत दर सेकंदाला सुमारे १६,५०० किलो हवा येते, म्हणजे ३३ किलो पाणी. ते २५ किलोमीटरच्या चढावर वाटलं की तासाला पावणेपाच मिलिमीटर आणि दिवसाला शंभराच्या वर. सगळं पाणी खाली पडत नाही, पण मॉन्सूनचा ओला थर एका किलोमीटरपेक्षा पुष्कळ जाड असतो, त्यामुळे आकडा खाली येण्यापेक्षा वर जाण्याचीच शक्यता जास्त. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा एकदमच फुगल्या त्यामागे घाटातला असा सलग पाऊस होता. भारतीय हवामानशास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी १९६० च्या दशकात पश्चिम घाटातल्या पावसाचं गणिती प्रतिमान मांडलं तेही याच विचारावर: स्थिर, स्तरित प्रवाह डोंगरावरून जाताना किती उचलला जातो आणि त्यातून किती पाऊस पडतो.

इथे स्थिरतेची एक वेगळी भूमिका दिसते, ती सहसा कुणी लक्षात घेत नाही. वारा डोंगरावरून जाणार की अडून वळणार, हे स्थिरताच ठरवते. स्तरित हवेला हलवलं की ती ज्या वारंवारितेने झोके घेते ती ब्रुंट-वैसाला वारंवारिता. सर्वसाधारण हवेत ती सेकंदाला ०.०१ च्या आसपास, म्हणजे एका झोक्याला साधारण दहा मिनिटं. वाऱ्याचा वेग भागिले ही वारंवारिता आणि डोंगराची उंची यांचा गुणाकार, हा भागाकार एकपेक्षा मोठा असला की हवा डोंगर ओलांडते, लहान असला की पायथ्याशी तुंबते. १५ मीटरच्या वाऱ्याला हा आकडा १.९ येतो, ५ मीटरच्या वाऱ्याला ०.६. शिवाय संपृक्त हवेत ही वारंवारिता आणखी घटते, म्हणून ओली हवा कोरड्या हवेपेक्षा सहज चढते. माथा ओलांडून उतरणाऱ्या हवेत उभ्या लाटा तयार होतात. वरच्याच आकड्यांनी त्यांची लांबी नऊ-साडेनऊ किलोमीटर निघते. उतरती हवा तापते आणि कोरडी पडते. कणकुंबीचा वर्षाचा पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीचा काहीशेमध्ये, हा फरक या एका स्थिर प्रवाहाने केलेला आहे. स्थिर म्हणजे निपचित असं समजू नका.

दुसरा प्रश्न रिचर्डसन अंकाचा. जानेवारीत सकाळी सातला हुक्केरी-संकेश्वरच्या बाजूला साखर कारखान्याची चिमणी किंवा एखादं गुऱ्हाळ पाहा. धूर थोडा वर जातो आणि मग एखाद्या पातळीवर आडवा, पातळ पट्ट्यासारखा लांबवर पसरतो. रात्रभर जमीन थंड होऊन तिच्यालगत उलट थर तयार झालेला असतो: खाली थंड, वर गरम. समजा दोनशे मीटरमध्ये तापमान ५ अंशांनी वाढतं आहे. मग ब्रुंट-वैसाला वारंवारिता ०.०३४ येते, झोका जेमतेम तीन मिनिटांचा. धुराला वर-खाली पसरायला वावच नाही. साडेनऊ-दहाला ऊन लागून थर खालून खरवडला जातो, उलटापालट धुराच्या पातळीपर्यंत पोचते आणि तोवर वर साठलेला धूर एकदम जमिनीवर उतरतो. खोकला, डोळे चुरचुरणं हे त्या तासाभरात सगळ्यात जास्त होतं. कारखान्याशेजारी शाळा असेल तर मुलांच्या प्रार्थनेची वेळ नेमकी हीच असते, आणि वेळापत्रक करताना याचा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या उलट थराला वाऱ्याचा शिअर मोडू शकतो. शिअर म्हणजे उंचीबरोबर वाऱ्यात पडणारा फरक. ब्रुंट-वैसाला वारंवारितेच्या वर्गाला शिअरच्या वर्गाने भागलं की रिचर्डसन अंक मिळतो. भाज्य स्थिरतेने आकारलेली किंमत सांगतं, भाजक प्रवाहात उपलब्ध असलेली गतिज ऊर्जा. १९६१ मध्ये माइल्स आणि हॉवर्ड यांनी जे सिद्ध केलं ते असं: प्रवाहात सगळीकडे हा अंक पाव किंवा त्याहून मोठा असेल तर प्रवाह रेषीय अर्थाने स्थिर. तुमचं विधान याच्या उलट दिशेचं आहे, आणि ती दिशा सिद्ध होत नाही. कुठेतरी अंक पावच्या खाली गेला, तर अस्थिरता शक्य झाली, एवढंच. तो किती जाड थरात खाली गेला आहे, भिंत किंवा जमीन किती जवळ आहे, शिअरचा आकार कसा आहे, यावर पुढचं ठरतं. परीक्षेत हे वाक्य उलटं लिहिणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. दुःख वाटतं ते अशासाठी की सिद्धांताची सगळी ताकद त्याच्या खऱ्या दिशेत आहे: अमुक ठिकाणी काही होणार नाही, असं खात्रीने सांगता येणं.

वर काढलेल्या उलट थराला पावपर्यंत आणायचं तर शिअर ०.०६९ हवा, म्हणजे शंभर मीटरमध्ये सेकंदाला जवळजवळ ७ मीटरचा फरक. शांत जानेवारीत तो मिळत नाही, म्हणून धुराचा पट्टा टिकतो. मॉन्सूनमध्ये वेगळं चित्र. जमिनीपासून २०० मीटरवर वारा ५ आणि दीड किलोमीटरवर १८ असेल तर शिअर ०.०१. वारंवारिता ०.०१ धरली तर अंक १ येतो. तीच वारंवारिता, ढग आणि पाऊस असल्याने, निम्मी झाली तर वाऱ्यात कणभरही बदल न होता अंक थेट पाववर येतो. विमानाला बसणारे हादरे असेच अचानक सुरू होतात. शिअरचा थर १०० मीटर जाड असेल तर उठणाऱ्या केल्विन-हेल्महोल्ट्झ लाटांची लांबी साधारण ७०० मीटर, आणि वाढायला काही मिनिटं पुरतात.

प्रत्यक्ष काम करणाऱ्याने एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: रिचर्डसन अंक कोणत्या जाडीवर काढला ते लिहिल्याशिवाय तो आकडा वापरू नये. बलूनच्या नोंदीवरून पाचशे मीटरच्या सरासरीने काढलेला अंक २ असू शकतो आणि त्याच पाचशे मीटरमध्ये तीस मीटरचा एखादा पातळ थर ०.१ वर असू शकतो. शिवाय एकदा खळबळ सुरू झाली की अंक पावच्या वर गेल्याबरोबर ती थांबत नाही, एकच्या आसपास येईपर्यंत रेंगाळते.

हाच प्रकार रॅले यांच्या १८८० च्या सिद्धांताचा आहे. समांतर, श्यानता (आतलं घर्षण) नसलेल्या प्रवाहात वेगाच्या आलेखावर वळणबिंदू नसेल तर तो रेषीय अर्थाने स्थिर. वळणबिंदू असेल तर अस्थिर असू शकतो, असायलाच हवा असं नाही. आणि ‘रेषीय अर्थाने’ हे शब्दही वाचून सोडून देऊ नका. दोन पाट्यांमधला सरळ रेषेचा कुएट प्रवाह कोणत्याही रेनॉल्ड्स अंकाला रेषीय दृष्टीने स्थिर आहे, तरी प्रयोगशाळेत तो खळबळतो. दाबाने वाहणाऱ्या प्वाझय प्रवाहात गणित ५७७२ ही सीमा सांगतं, प्रयोगात हजाराच्या आसपासच गडबड सुरू होते. कारण आयगेनफंक्शन एकमेकींना लंब नसतात. प्रत्येकीचा घटता घातांक असला तरी त्यांची बेरीज काही काळ प्रचंड वाढू शकते, आणि तेवढ्या वेळात विक्षोभ इतका मोठा होतो की रेषीय समीकरणंच लागू राहत नाहीत. वातावरणात ही गोष्ट ब्रायन फॅरल यांनी १९८० च्या दशकात पुढे आणली. वळवाच्या सशर्त अस्थिरतेत जे पाहिलं त्याच्याशी हे जुळतं: आयगेनव्हॅल्यू अनंत काळाचा निर्णय देते, आणि अंदाज द्यायचा असतो दोन दिवसांचा.

तिसरा प्रश्न. चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि ईडी यांनी १९४९ मध्ये मध्य अक्षांशांवरची वादळं का उठतात याचं उत्तर दिलं. उत्तर-दक्षिण तापमानाच्या फरकात साठलेली स्थितिज ऊर्जा तिरक्या हालचालीने बाहेर काढता येते, आणि उंचीबरोबर बदलणारा वारा ही त्या फरकाची खूण. याला बॅरोक्लिनिक अस्थिरता म्हणतात. आपल्याकडेही शिअर भरपूर आहे. जूनपासून दीड किलोमीटरवर फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये नोंदवलेला पश्चिमेचा जेट, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो, आणि १४-१५ किलोमीटरवर पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये वर्णन केलेला पूर्वेचा जेट. दोन्हींत सेकंदाला सुमारे ४५ मीटरचा फरक. मग सिद्धांत लागू पडायला हवा ना?

बेळगावचा अक्षांश १५.८५. इथे कोरिऑलिस गुणांक, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम मोजणारा आकडा, सेकंदाला ०.००००४, तर ४५ अंशांवर ०.०००१. ब्रुंट-वैसाला वारंवारिता ०.०१ आणि उंची १० किलोमीटर धरली तर रॉस्बी त्रिज्या (वारंवारिता गुणिले उंची भागिले कोरिऑलिस गुणांक) ४५ अंशांवर १००० किलोमीटर येते, आपल्याकडे २५००. ईडीच्या गणितात सगळ्यात वेगाने वाढणारी लाट या त्रिज्येच्या जवळजवळ चौपट असते: तिकडे ४००० किलोमीटर, जी खऱ्या वादळांशी छान जुळते, आणि आपल्याकडे दहा हजार. शिवाय त्रिज्येच्या २.६ पटींहून लहान लाटा ईडीच्या प्रतिमानात मुळीच वाढत नाहीत, म्हणजे आपल्याकडे साडेसहा हजार किलोमीटरच्या खालच्या सगळ्या लाटा स्थिर. मॉन्सूनचं डिप्रेशन, म्हणजे पाऊस आणणारं कमी दाबाचं क्षेत्र, असतं दोन हजार किलोमीटरच्या आसपासचं. कोरड्या ईडी सिद्धांतानुसार ते जन्मालाच येऊ नये.

तरी ते येतं. बाष्पामुळे परिणामी वारंवारिता घटते आणि त्रिज्या आखडते, हा एक भाग. जगदीश शुक्ला यांनी १९७८ मध्ये ढगांची उष्णता, बॅरोट्रॉपिक (आडव्या दिशेने बदलणाऱ्या वाऱ्यातून ऊर्जा घेणारी) आणि बॅरोक्लिनिक अशा तिन्ही गोष्टी एकत्र घेऊन हे डिप्रेशन तपासलं. पुढे विल्यम बूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बॅरोक्लिनिक वाढीसाठी चक्रवात जसा शिअरविरुद्ध कललेला हवा तसा कल खऱ्या डिप्रेशनमध्ये दिसत नाही, आणि बॅरोट्रॉपिक वाटा समजतो त्यापेक्षा मोठा असावा. मला त्यांचा मुद्दा पटतो. थोडक्यात, ईडी शिका, कारण त्याच्याइतकं स्वच्छ गणित दुसरं नाही, पण आपल्या नकाशावर ते जसंच्या तसं ठेवू नका.

म्हणून प्रोजेक्टसाठी मी बॅरोट्रॉपिक अस्थिरता सुचवेन. ही अस्थिरता उत्तर-दक्षिण दिशेने बदलणाऱ्या वाऱ्याच्या गतिज ऊर्जेवर पोसली जाते, आणि अरबी समुद्रावरचा जूनमधला जेट हा तिचा नामी नमुना आहे. कुओ यांनी १९४९ मध्ये रॅले यांची अट फिरत्या पृथ्वीसाठी वाढवली: बीटा (कोरिऑलिस गुणांक उत्तरेकडे ज्या दराने वाढतो तो दर) वजा वाऱ्याचा उत्तर-दक्षिण दुसरा अवकल, याचं चिन्ह प्रवाहात कुठेतरी बदलायला हवं. आपल्या अक्षांशावर बीटा २.२ गुणिले दहाचा उणे अकरावा घात. जेटचा आकार सेच-वर्ग धरा, मध्यावर वेग १५ मीटर. बाजूला दुसऱ्या अवकलाचं सर्वांत मोठं मूल्य मधल्या वेगाच्या दोन तृतीयांशाला अर्धरुंदीच्या वर्गाने भागून मिळतं. अर्धरुंदी ५०० किलोमीटर असेल तर ते ४ येतं, बीटाच्या जवळजवळ दुप्पट, त्याच दहाच्या घातात. अट पुरी होते. अर्धरुंदी ६७५ च्या पुढे गेली की अट पुरी होत नाही आणि या यंत्रणेपुरता जेट स्थिर. जून १९७९ मध्ये मॉन्सूनच्या अभ्यासाची मोनेक्स मोहीम चालू असतानाच अरबी समुद्रात मॉन्सूनच्या आगमनाबरोबर भोवरा उठला, तेव्हा टी. एन. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी त्याचा संबंध याच जेटच्या उत्तर बाजूच्या शिअरशी जोडला. असा भोवरा किनाऱ्यालगत सरकला तर मिरगाचा पाऊस आपल्याकडे दणक्यात सुरू होतो, आणि ओमानकडे गेला तर तोच बाष्प ओढून नेतो व पेरण्या खोळंबतात.

काम असं करा. एरा५ या हवामानाच्या जुन्या नोंदींच्या संचातून ८५० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटरवरचा, वारा घ्या, ७० ते ७३ अंश पूर्व रेखांश आणि ५ ते २५ अंश उत्तर अक्षांश यांमधला. दोनशे बिंदूंची जाळी करून रॅले-कुओ समीकरण मॅट्रिक्समध्ये मांडा. पण त्याआधी हाच प्रोग्रॅम बीटा शून्य ठेवून टॅन्एच शिअरवर चालवा: अर्धजाडीने गुणलेला तरंगांक ०.४४ ला कमाल वाढदर ०.१९ आला पाहिजे. तो येत नाही तोवर खऱ्या वाऱ्याला हात लावू नका. मग आयगेनव्हॅल्यूच्या जोडीला दोन आणि पाच दिवसांची कमाल तात्पुरती वाढ सिंग्युलर व्हॅल्यूने काढा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवा. सीमा जेटपासून लांब ठेवा, नाहीतर भिंतींमुळे उठलेली वाढ तुम्ही जेटची समजाल.

दुसरा अवकल काढताना माहितीतला गोंगाट भयंकर वाढतो, म्हणून आधी हलकं स्मूदिंग लागेल, आणि किती केलं ते प्रबंधात स्पष्ट लिहा. महिन्याची सरासरी मात्र घेऊ नका. जेट रोज उत्तर-दक्षिण सरकतो, सरासरीत तो रुंद आणि बोथट दिसतो, अर्धरुंदी ६७५ च्या पलीकडे गेल्यासारखी वाटते, आणि जो प्रवाह कुठल्याच एका दिवशी अस्तित्वात नव्हता त्याला तुम्ही स्थिर ठरवून बसाल. दिवसागणिक वारा घ्या, आगमनाच्या आधीचे आणि नंतरचे दहा दिवस वेगळे ठेवा.